मित्रांकडे राहून दोघांनी मोठी शहरं कशी बघायची

हॉटेलचे पैसे वाचतात म्हणून मित्रांकडे राहायचं, हे सरळ मान्य करून टाकायचं, त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण हॉटेलात निदान बाथरूम आपली असते. मित्राच्या घरी सकाळी साडेसात ते साडेआठ ती त्याच्या ऑफिसची असते, आणि आपण दोघं टॉवेल खांद्यावर टाकून पॅसेजमध्ये उभे दिसलो की त्याला "अरे जा जा, तुम्ही आधी जा" म्हणावंच लागतं, मग त्याची ट्रेन चुकते. लंडनला आमच्यामुळे एका मित्राची अशी दोनदा चुकली. तो काही बोलला नाही, त्याची बायको बोलली, तीही हसत हसत, पण जे कळायचं ते कळलं. तेव्हापासून आमचा प्लॅन करायचा क्रमच उलटा झाला, आधी त्यांचा आठवडा आणि मग आपली म्युझियमं.

तर पहिलं काम, तिकिटं काढायच्या आधी फोन. मेसेज नाही, फोनच. मेसेजवर "या की, कधीही या, घर तुमचंच आहे" हेच येणार, फोनवर मात्र आवाजावरून कळतं की खरंच या म्हणतोय की तोंडदेखलं. आणि "आलो तर चालेल का" असं विचारायचं नाही, कारण त्याला नाही कोण म्हणणार. "त्या आठवड्यात तुमच्याकडे काय काय चाललंय?" असं विचारायचं आणि गप्प बसून ऐकायचं. मुलांच्या परीक्षा, आईवडील येणारेत, एकाची नाइट शिफ्ट, दुसऱ्याचं घरून काम, हे सगळं आपोआप बाहेर पडतं. पळवाट आपणच द्यायची, "जमत नसेल तर आम्ही जवळपास रूम बघतो आणि संध्याकाळी भेटू", असं एकदा बोलून टाकलं की समोरचा मोकळेपणाने खरं सांगतो.

किती दिवस राहायचं यावर प्रत्येकाचं मत वेगळं असेल, माझं म्हणाल तर तीन रात्री, फार तर चार. शहर मोठं असेल आणि आठवडा पाहिजे असेल तर शेवटच्या दोन-तीन रात्री हॉटेल घ्या, आणि हे आधीच सांगा, मधेच जाहीर केलंत तर त्यांना वाटतं आपलं काही चुकलं.

व्हिसा लागणार असेल तर कागदांचं लवकर उरका. हॉटेलचं बुकिंग जोडणं एका मिनिटाचं काम असतं, मित्राकडे राहायचं म्हटलं की काम मित्राला लागतं. फ्रान्सला जाताना खाजगी घरी राहणार असाल तर त्यांच्याकडे यजमानाचं एक ठरावीक पत्र लागतं, ते मित्राने आपल्या मनाने लिहून चालत नाही, त्याला स्वतः त्याच्या भागाच्या नगरपालिकेत घराचे आणि उत्पन्नाचे पुरावे घेऊन जायचं, फी भरायची आणि मंजूर झालेला मूळ कागद आपल्याला पाठवायचा. शेंगेन व्हिसाला (फ्रान्स, इटलीसकट युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणारा एकच व्हिसा) किमान ३०,००० युरो कव्हरचा ट्रॅव्हल इन्शुरन्सही लागतो, तो तर आपला आपणच काढायचा. आणि एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते, पोचल्यावरची नोंदणी. इटलीत युरोपियन युनियनच्या बाहेरचा पाहुणा घरी ठेवला तर यजमानाला ४८ तासांच्या आत पोलिसांना लेखी कळवावं लागतं. चीनमध्ये शहरात कोणाच्या घरी उतरलात तर २४ तासांच्या आत पोलिसांकडे नोंद करायची. हॉटेलवाले हे परस्पर करून टाकतात म्हणून आपल्याला त्याचा पत्ताच नसतो. तेव्हा मित्राला आधीच विचारून ठेवा, त्यालाही बहुतेक वेळा माहीत नसतं, कारण त्याच्याकडे आत्तापर्यंत आलेले सगळे तिथलेच असतात.

आता मुख्य काम. एक कागद घ्या, त्यावर सात दिवस आडवे मांडा, आणि पहिल्या ओळीत फक्त मित्रांचं लिहा. तो किती वाजता निघतो, ती किती वाजता येते, मुलं कधी झोपतात, कोणत्या संध्याकाळी त्यांना घर मोकळं पाहिजे. मोबाईलवरही जमेल पण कागद बरा, दोघांनाही एकदम दिसतो. दुसऱ्या ओळीत काय कधी बंद असतं ते. मोठ्या म्युझियमांचे सुट्टीचे वार वेगवेगळे आहेत आणि हे पाठ कोणालाच नसतं. पॅरिसला लूव्र मंगळवारी बंद, ओर्से सोमवारी. न्यूयॉर्कचं मेट्रोपॉलिटन म्युझियम बुधवारी बंद. इस्तंबूलचा टोपकापी राजवाडा मंगळवारी. व्हॅटिकनची म्युझियमं रविवारी बंद, फक्त महिन्याच्या शेवटच्या रविवारी सकाळी उघडी असतात आणि तेव्हा फुकट, त्यामुळे रांगेची कल्पना तुम्हीच करा. टोकियोत बरीचशी म्युझियमं सोमवारी बंद, पण सोमवारी सार्वजनिक सुट्टी आली तर त्या दिवशी उघडी आणि मंगळवारी बंद. आम्ही एकदा ऐटीत बुधवारी मेटच्या पायऱ्या चढलो होतो. नवरा म्हणाला वेबसाइट तू बघणार होतीस, मी म्हटलं तू बघणार होतास, आणि शेजारी आमच्यासाठी अर्धा दिवस रजा काढून आलेली मैत्रीण, ती बिचारी फोनमध्ये डोकं घालून बसली. आपली दोघांची फजिती चालते हो, पण दुसऱ्याची रजा फुकट घालवणं वाईट.

आणि तिसरी ओळ, ही माझी आवडती, रात्री उशिरापर्यंत काय उघडं असतं. लूव्र बुधवारी आणि शुक्रवारी रात्री ९ पर्यंत, ओर्से गुरुवारी पावणेदहापर्यंत, मेट शुक्रवार-शनिवार ९ पर्यंत, ब्रिटिश म्युझियम शुक्रवारी साडेआठपर्यंत आणि लंडनचंच व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट शुक्रवारी १० पर्यंत. माद्रिदचं प्रादो सोमवार ते शनिवार संध्याकाळी ६ ते ८ फुकट असतं, रविवारी ५ ते ७. वेळा बदलत राहतात, तेव्हा जायच्या आठवड्यात एकदा बघून घ्या. पण यातली गंमत म्हणजे गर्दी कमी वगैरे ठीकच, खरा फायदा घरच्यांचा होतो. तुम्ही "गुरुवारी आम्ही जेवूनच येऊ, दहाच्या आधी नाही" असं सोमवारीच सांगून टाकलंत की त्यांना त्यांची एक संध्याकाळ परत मिळते. पायजम्यात बसून काहीही न बोलता टीव्ही बघायची सोय, पाहुणे असले की माणसाला तीच नसते. चार दिवसात एक तरी संध्याकाळ अशी द्या, दोन दिल्यात तर पुढच्या वेळचं आमंत्रण नक्की समजा.

ज्यांना आगाऊ बुकिंग लागतं ती ठिकाणं कागदावर पक्क्या शाईने लिहायची, बाकीची पेन्सिलने. ॲमस्टरडॅमच्या ॲन फ्रँक हाऊसची तिकिटं फक्त ऑनलाइन मिळतात, दर मंगळवारी सहा आठवड्यांनंतरच्या तारखांची सुटतात, दारात उभं राहून काहीच मिळत नाही. बर्लिनला राइशटागचा, म्हणजे जर्मन संसदेच्या इमारतीचा, काचेचा घुमट फुकट आहे पण आधी नोंदणी, त्यात प्रत्येकाचं नाव आणि जन्मतारीख भरायची, मग मित्र येणार की नाही हे तेव्हाच विचारावं लागतं. लंडनचं स्काय गार्डन, उंच इमारतीच्या माथ्यावरची बाग, तेही फुकट, पण आधी बुक केलेलं बरं. अशी दिवसाला एकच ठेवा, दोन ठेवलीत की दिवसभर घड्याळ बघत पळापळ होते.

प्रवासाच्या कार्डांचा घोळ जोडप्यांचा हमखास होतो म्हणून जरा नीट लिहिते. लंडनमध्ये बसला आणि ट्यूबला, म्हणजे तिथल्या मेट्रोला, बँकेचं कॉन्टॅक्टलेस कार्ड चालतं, दिवसाला ठरावीक रकमेच्या वर पैसे कापले जात नाहीत. पण एका कार्डावर दोघं जाऊ शकत नाहीत, प्रत्येकाला वेगळं कार्ड लागतं. आणि सकाळी फोनने टॅप केलंत, संध्याकाळी तेच कार्ड पाकिटातून काढून टॅप केलंत तर सिस्टिमला ती दोन वेगळी कार्डं वाटतात, मग मर्यादेचा फायदा गेला. नवऱ्याने हे चार दिवस इमानेइतबारे केलं. न्यूयॉर्कला उलटं, एकाच कार्डावर चौघांपर्यंत टॅप करता येतं, पण सात दिवसांची मर्यादा मोजताना प्रत्येक वेळचा पहिला टॅपच धरतात, त्यामुळे आठवडाभर राहणार असाल तर तिथेही दोघांची वेगळी कार्डंच बरी. पॅरिसचा आठवड्याचा नाविगो पास सोमवार ते रविवार असा चालतो, गुरुवारी घेतलात तरी रविवारी रात्री संपतो, म्हणजे शनिवारी पोचणाऱ्याने तो त्या आठवड्यासाठी घेण्यात अर्थ नाही. मित्र तिथे दहा वर्षं राहतोय म्हणून त्याला हे माहीत असेल असं धरू नका, त्याच्याकडे वार्षिक पास असतो, त्याला सुट्या तिकिटाचं काही ठाऊक नसतं.

आता किल्ली. पोचल्या दिवशीच मागून घ्या, आणि दोन असतील तर दोन. संकोच करू नका, किल्ली नसलेला पाहुणा जास्त त्रासाचा असतो. घेतल्यावर मित्रासमोर एकदा कुलूप उघडून आणि लावून बघा, खालच्या गेटचा कोड दोघांच्याही फोनमध्ये लिहून ठेवा. हे मी इतकं ठासून का सांगतेय तर पॅरिसला आम्ही रात्री पावणेबाराला गेटपाशी उभे, कोड नवऱ्याच्या फोनमध्ये, फोनची बॅटरी मेलेली, आणि मला चारातले तीन आकडे आठवतायत. वर चौथ्या मजल्यावर त्यांचं आठ महिन्यांचं बाळ झोपलेलं. बेल वाजवावी की नाही यावर आमची कुजबुजत दहा मिनिटं चर्चा झाली, शेवटी एक बाई कुत्रा फिरवून परत आल्या, त्यांच्या मागोमाग आत शिरलो. वर जाऊन बघतो तर मित्र जागाच, आम्ही आलो नाही म्हणून हॉलमध्ये बसून. म्हणजे बेल वाजवली असती तरी चाललं असतं, पण मेसेज केला असता तर सगळ्यात बरं झालं असतं, माझ्या फोनला बॅटरी होती की! रात्री परत येताना "निघालो, अर्ध्या तासात पोचतो, झोपा तुम्ही" एवढा मेसेज टाकायची सवय लावून घ्या.

शेवटची गाडी कितीची हेही त्याच कागदावर लिहा. न्यूयॉर्कची सबवे २४ तास चालते म्हणून तिथे राहून आलेले लोक बाकीच्या शहरात फसतात. टोकियोत मध्यरात्रीच्या सुमारास गाड्या बंद होतात ते थेट पहाटे पाचच्या आसपास सुरू, आणि मित्र नेहमी लांबच्या उपनगरातच राहत असतो कारण मधल्या भागात भाडं कोणाला परवडतंय, तेव्हा टॅक्सीत वाचलेलं सगळं हॉटेल जातं. लंडनला रात्रभर ट्यूब असते पण फक्त शुक्रवारी आणि शनिवारी, आणि तीही पाचच लाइनवर. मित्राचं स्टेशन त्यात आहे का ते बघा.

घरातल्या बारीकसारीक गोष्टी पटापट सांगते. बाथरूमची वेळ पहिल्याच रात्री विचारून घ्या, आम्ही आता सरळ रात्री आंघोळ करून झोपतो. सकाळी ते निघाले की मग निवांत उठायचं किंवा त्यांच्या आधी बाहेर पडायचं, मधल्या गडबडीत लुडबुड नको. सोफा-कम-बेड असेल तर रोज सकाळी घडी करून ठेवायचा, तो त्यांचा हॉल आहे. बॅगा उघड्या पसरून ठेवायच्या नाहीत, एक बॅग बंद करून दुसरीवर ठेवली की निम्मी जागा वाचते. वॉशिंग मशीन विचारून लावा, रात्री उशिरा नको कारण फ्लॅटमध्ये खालच्यांना आवाज जातो, आणि निघायच्या आदल्या रात्री तर नकोच, ओले कपडे पिशवीत भरून विमानात बसायची वेळ येते. किराणा एकदा भरा. पैसे देऊ केलेत तर कोणी घेत नाही, त्यापेक्षा त्यांच्या फ्रिजमध्ये नेहमी काय असतं ते बघून तेच दुप्पट आणून ठेवायचं. गिफ्ट नेताना जागा अडवणारी वस्तू नेऊ नका, मोठ्या शहरातल्या घरात मुळात आपल्यालाच जागा काढून दिलेली असते.

आता जोडप्याचं. दिवसभर चालून पाय दुखतायत, भूक लागलीय, नकाशा उलटा धरलाय, भांडण होणारच, न होणारं जोडपं मी तरी पाहिलेलं नाही. फक्त ते घरात न्यायचं नाही. भिंती पातळ असतात, आणि दबक्या आवाजातलं भांडण तर जास्तच ऐकू जातं कारण ऐकणारा कान टवकारतो. आमचा नियम असा की घराच्या आधीच्या स्टॉपला उतरायचं आणि काय ते तिथे मिटवून चालत घरी जायचं. इस्तंबूलला गलाता पुलावर मासे पकडणाऱ्यांच्या रांगेत उभं राहून आम्ही अर्धा तास भांडलो, भाषा कोणाला कळत नव्हती, एका आजोबांनी मात्र न बोलता नवऱ्याच्या हातात आपला गळ दिला आणि मला हाताने "थांब जरा" अशी खूण केली. मासा काही लागला नाही, भांडणाचा मुद्दा काय होता ते मात्र आता दोघांनाही आठवत नाही. बाकी हॉलमध्ये झोपायला मिळालं असेल तर चार रात्री संन्यास, त्यावर अजून काय लिहिणार.

भांडणं कमी करायचा उपाय म्हणजे रोज दोन-तीन तास वेगवेगळे फिरा. दोघांनी जोडीने आलोय म्हणून प्रत्येक चित्रासमोर जोडीनेच उभं राहायला पाहिजे असं काही नाही. नवऱ्याला आयफेल टॉवर जिन्याने चढायचा होता, दुसऱ्या मजल्यापर्यंत ६७४ पायऱ्या आहेत, मी म्हटलं तू जा, मी खाली हिरवळीवर बसते. तो घामाघूम होऊन खूश, मी पाय पसरून खूश. भेटायची जागा आणि वेळ मात्र अगदी पक्की ठरवा, "म्युझियमच्या बाहेर" असं नाही तर "डावीकडच्या दाराशी, सव्वाचारला".

मित्रांना गाइड करू नका, हे फार महत्त्वाचं. लंडनला राहणारा माणूस प्रत्येक पाहुण्याबरोबर लंडन आय आणि टॉवर ब्रिज करून करून कंटाळलेला असतो, नाही म्हणता येत नाही म्हणून येतो. प्रसिद्ध ठिकाणं तुम्ही तुमची बघा, आणि एक अख्खा दिवस, शक्यतो त्यांच्या सुट्टीचा, त्यांच्यासाठी ठेवा. त्या दिवशी विचारायचं, "तुम्ही इथे राहून अजून काय बघितलं नाहीये?" याची उत्तरं भारी येतात. टोकियोच्या मैत्रिणीने सहा वर्षांत तिथल्या महानगर सरकारच्या इमारतीचा ४५ वा मजला पाहिला नव्हता, २०२ मीटर उंच आहे, फुकट आहे, ती रोज जिथे गाडी बदलते त्या स्टेशनपासून चालत जाण्यासारखा. हवा स्वच्छ असेल तर फुजी दिसतो म्हणतात, आम्हाला नुसतं धुकं दिसलं, पण तिचं ऑफिस तिने स्वतः वरून शोधून काढलं आणि पाच मिनिटं तिथेच बोट दाखवत उभी राहिली. न्यूयॉर्कला असाच एक दिवस स्टेटन आयलंड फेरीत घालवला, फुकट आहे, एका बाजूने साधारण २५ मिनिटं, जाताना उजव्या बाजूला उभं राहिलं की स्वातंत्र्यदेवी दिसते. पर्यटक सगळे रेलिंगला, आणि आम्ही चौघं आत बाकावर बसून कॉलेजातल्या लोकांची आत्ता काय अवस्था आहे यावर गप्पा मारतोय, परत येताना पुतळा कधी गेला ते कळलंच नाही.

शेवटच्या दिवसाचं आधी ठरवा, कारण विमान रात्रीचं असतं आणि मित्र सकाळीच ऑफिसला जातो. बॅगा घेऊन म्युझियमला जाऊ म्हणाल तर लूव्रमध्ये ५५ बाय ३५ बाय २० सेंटिमीटरपेक्षा मोठी बॅग आत घेत नाहीत, ब्रिटिश म्युझियममध्ये चाकांची बॅग चालत नाही. टोकियोच्या स्टेशनांवर नाण्यांचे लॉकर ठिकठिकाणी आहेत, पण मोठे लॉकर सकाळीच भरतात. बॅगा घरीच ठेवायच्या तर संध्याकाळी किल्ली परत कोणाला द्यायची हे आदल्या रात्री बोलून घ्या, शेजारी, टपालपेटी, जे असेल ते. चादरी-उशांचे अभ्रे काढून मशीनपाशी ठेवा, मशीन मात्र लावू नका, ते घरात नसताना पाणी चालू ठेवून जायला नको. कचरा खाली नेऊन टाका.

आणि दार ओढून घ्यायच्या आधी दोघांनीही खिसे तपासा. आमच्याकडून एकदा किल्ली नवऱ्याच्या जॅकेटच्या आतल्या खिशात राहून थेट विमानतळाच्या सिक्युरिटीच्या ट्रेमध्ये निघाली, त्याने मला ती लांबूनच उचलून दाखवली, आणि मग ती कुरिअरने परत पाठवायला जे पैसे पडले त्यात एक रात्र बरं हॉटेल आलं असतं.